‘केस डिसमिस झाली’ म्हणजे नक्की काय झालं? अमेरिकेतलं डिफर्ड जजमेंट, प्रोबेशनच्या अटी आणि तुमचं रेकॉर्ड

समजा, कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळ एमएस करणारा एक मराठी मुलगा आहे. दुकानातल्या सेल्फ-चेकआउटवर काही वस्तू स्कॅन न करता तो बाहेर पडतो आणि दारातच अडवला जातो. माल ३५० डॉलरचा. पोलिस येतात, हातात समन्स देतात आणि सोडून देतात. पुढच्या महिन्यात कोर्टात सरकारी वकील डिफर्ड जजमेंटचा प्रस्ताव ठेवतो : गुन्हा कबूल कर, एक वर्ष नीट राहा, ५० तास समाजसेवा कर, मग केस डिसमिस. मुलगा सुटकेचा श्वास टाकतो, सही करतो, वर्ष सरळ घालवतो आणि केस खरोखर डिसमिस होते. घरी कुणाला सांगायची वेळही येत नाही. पुढे नोकरी लागते, एच-१बी होतो आणि व्हिसाचा शिक्का घ्यायला तो मुंबईत येतो. अर्जातल्या ‘तुम्हाला कधी अटक झाली होती का, किंवा कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरलात का’ या प्रश्नासमोर त्याचा हात थांबतो. केस तर संपली होती. मग उत्तर काय लिहायचं?

या प्रश्नाचं उत्तर केस संपल्यावर शोधून फारसं हाती लागत नाही. ते सही करण्याआधी शोधायचं असतं, आणि म्हणून हा लेख. यातला कायदा राज्याराज्यात बदलतो, तेव्हा तुमच्या प्रकरणात शेवटचा शब्द तुमच्या राज्यातल्या वकिलाचा. पण वकिलाला काय विचारायचं हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

आधी स्वतःचं रेकॉर्ड हातात घ्या

‘रेकॉर्ड’ म्हणून एकच फाइल कुठेतरी ठेवलेली असते, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात निदान तीन ठिकाणी नोंद असते. बोटांचे ठसे घेतले गेले असतील तर अटकेची नोंद राज्याच्या तपास संस्थेकडे जाते (कोलोरॅडोत ती सीबीआय, म्हणजे कोलोरॅडो ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन) आणि तिथून एफबीआयकडे. दुसरी नोंद कोर्टाची : आरोपपत्र, तारखा, प्ली (आरोपावर तुम्ही दिलेलं उत्तर), हुकूम. तिसरी खासगी बॅकग्राउंड चेक कंपन्यांची. त्या कोर्टांच्या नोंदी गोळा करून आपापल्या साठ्यात ठेवतात आणि कोर्टात पुढे काय बदललं हे त्यांना लगेच कळतंच असं नाही.

म्हणून सुरुवात अशी करा. ज्या कोर्टात केस चालली तिथल्या क्लार्ककडून संपूर्ण डॉकेट, म्हणजे केसच्या नोंदींची यादी, मागवा. आयोवासारख्या राज्यात कोर्टाच्या संकेतस्थळावरही बरंच दिसतं. मग एफबीआयकडून स्वतःची ‘आयडेंटिटी हिस्टरी समरी’ मागवा. तिची फी १८ डॉलर आहे आणि ठसे द्यावे लागतात. दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक आरोप जुळवा. प्रत्येक आरोपासमोर कलम, दर्जा आणि ‘डिस्पोझिशन’, म्हणजे निकाल काय लागला, हे असायला हवं. एफबीआयच्या कागदावर अटक दिसते पण डिस्पोझिशन कोरं, हा प्रकार नेहमी आढळतो. कोरी जागा वाचणाऱ्याला केस अजून लटकलेली वाटते. ती दुरुस्ती कोर्टाचा प्रमाणित हुकूम जोडून सहसा राज्याच्या संस्थेमार्फत करून घ्यावी लागते.

दर्जाचा रकाना दुर्लक्षित राहतो, पण पुढचं बरंच काही त्याच्यावर ठरतं. कोलोरॅडोत ‘एफ’ म्हणजे फेलनी (गंभीर गुन्हा), ‘एम’ म्हणजे मिसडिमीनर (कमी गंभीर) आणि ‘पीओ’ म्हणजे पेटी ऑफेन्स (किरकोळ). २०२२ पासून तिथे ३०० डॉलरच्या आतली चोरी पेटी ऑफेन्स आहे, आणि ३०० ते १,००० डॉलरची चोरी दुसऱ्या वर्गाचा मिसडिमीनर, ज्याची कमाल कैद १२० दिवस. आपल्या ३५० डॉलरवाल्या मुलाचा आरोप या दुसऱ्या खणात पडतो. हा १२० दिवसांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सारखे दिसणारे पण वेगळे असलेले हुकूम

डिफर्ड जजमेंट, डिफर्ड सेंटेन्स, सस्पेंडेड सेंटेन्स, डायव्हर्जन हे शब्द आपले लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. आयोवाच्या कायद्यात फरक सर्वांत स्वच्छ मांडलेला आहे, म्हणून तिथूनच घेऊ.

डिफर्ड जजमेंटमध्ये तुम्ही दोष कबूल करता, पण न्यायाधीश ‘दोषी’ असा निवाडा नोंदवतच नाहीत. निवाडा पुढे ढकलला जातो आणि तुम्हाला प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर मोकळं, ठेवलं जातं. मुदत नीट पार पडली की केस निवाड्याविना संपते. डिफर्ड सेंटेन्समध्ये दोषी असल्याचा निवाडा लगेच होतो, फक्त शिक्षा पुढे ढकलली जाते. सस्पेंडेड सेंटेन्समध्ये निवाडाही होतो आणि शिक्षाही सुनावली जाते, फक्त तिची अंमलबजावणी थांबते. तिन्हींत माणूस घरीच झोपतो, तिन्हींत प्रोबेशन ऑफिसर असतो. कागदावर मात्र जमीन-अस्मानाचा फरक. आणि सावध राहा, कारण हीच नावं दुसऱ्या राज्यात दुसऱ्या अर्थाने वापरतात : ओक्लाहोमातलं ‘डिफर्ड सेंटेन्स’ बरंचसं आयोवाच्या डिफर्ड जजमेंटसारखं आहे.

टेक्सासात याला ‘डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन’ म्हणतात आणि प्रोबेशनला ‘कम्युनिटी सुपरव्हिजन’. जॉर्जियात ‘फर्स्ट ऑफेंडर’, मेरीलँडमध्ये ‘प्रोबेशन बिफोर जजमेंट’, मॅसॅच्युसेट्समध्ये ‘कंटिन्युअन्स विदाउट अ फाइंडिंग’. मुदतीही वेगळ्या. कोलोरॅडोत फेलनीसाठी डिफर्ड जजमेंट जास्तीत जास्त ४ वर्षं आणि मिसडिमीनरसाठी २ वर्षं. टेक्सासात फेलनीला १० वर्षांपर्यंत आणि मिसडिमीनरला २ वर्षांपर्यंत.

डायव्हर्जन हा निराळा रस्ता. त्यात बहुतेक वेळा दोष कबूल करावाच लागत नाही. आरोप बाजूला ठेवून तुम्हाला एखादा कार्यक्रम पूर्ण करायला सांगतात आणि तो झाला की आरोप मागे घेतात. न्यू जर्सीचं ‘पीटीआय’ (प्री-ट्रायल इंटरव्हेन्शन) बहुतांश प्रकरणांत असं चालतं. न्यू यॉर्कमधलं ‘एसीडी’ (डिसमिसच्या अपेक्षेने केस तहकूब ठेवणं) याच जातीचं : प्ली नाही, साधारण ६ महिने नीट राहा, केस बंद.

भारतातल्या १९५८च्या प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स कायद्याशी याची सरमिसळ करू नका. ‘चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं’ ही आपल्याकडची गोष्ट. तिथे कोर्ट आधी दोषी ठरवतं आणि मग शिक्षा न देता सोडतं. त्याच कायद्याचं कलम १२ म्हणतं की अशा दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही. घरच्या मोठ्यांना हे ठाऊक असतं आणि ते सहज म्हणतात, ‘बाँडवर सुटला, काही होत नाही’. अमेरिकेत या भरवशावर राहता येत नाही.

सही करण्याआधी : खरा निर्णय इथेच होतो

डिफर्ड जजमेंट घेताना तुम्ही काय देऊन टाकता ते आधी पाहा. तुम्ही दोष कबूल करता, ज्युरीपुढे खटला चालवण्याचा हक्क सोडता आणि कोलोरॅडोत ‘स्पीडी ट्रायल’चा (खटला लवकर चालण्याचा) हक्कही लेखी सोडावा लागतो. पुढे अट मोडली तर ‘मी ते केलंच नव्हतं’ असं म्हणायची जागा उरत नाही, कारण कबुली आधीच फाइलमध्ये पडून आहे. जन्माने अमेरिकन नागरिक असलेल्या, पुरावा आपल्या विरोधात भक्कम असलेल्या माणसासाठी हा बहुतेकदा चांगला सौदा असतो. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्यासाठी तो सापळा ठरू शकतो, आणि हे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण आपल्या लोकांचं नुकसान होतं ते इथे.

राज्याच्या कायद्याने जी दोषसिद्धी नाही, ती इमिग्रेशनच्या कायद्याने दोषसिद्धी असू शकते. १९९६ साली अमेरिकी काँग्रेसने इमिग्रेशन कायद्यात ‘कन्व्हिक्शन’ची स्वतंत्र व्याख्या घातली. ती आयएनएच्या (इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्ट) कलम १०१ (ए) (४८) मध्ये आहे. निवाडा रोखून धरला असला, तरी दोन गोष्टी जुळल्या की दोषसिद्धी धरली जाते. पहिली : न्यायाधीशांनी किंवा ज्युरीने दोषी ठरवलं, किंवा तुम्ही ‘गिल्टी’ अथवा ‘नो काँटेस्ट’ (आरोपाला विरोध नाही) प्ली दिली, किंवा दोष सिद्ध व्हायला पुरेशी तथ्यं मान्य केली. दुसरी : न्यायाधीशांनी काहीतरी शिक्षा, दंड किंवा स्वातंत्र्यावर बंधन घातलं. प्रोबेशन हे बंधन आहे. इतकंच काय, फक्त कोर्टाचा खर्च भरायला लावणं हीसुद्धा शिक्षाच, असं इमिग्रेशनच्या अपील मंडळाने २००८ साली ठरवलं. डिफर्ड जजमेंटमध्ये कबुलीही असते आणि प्रोबेशनही. म्हणजे व्याख्या पुरी झाली. पुढे केस डिसमिस झाली, सील (लोकांच्या नजरेआड बंद) झाली, एक्सपंज (नोंदीतून काढून टाकली) झाली, तरी ही दोषसिद्धी पुसली जात नाही. १९९९ पासून मंडळाची हीच भूमिका आहे. प्ली रद्द व्हायला मूळ प्रक्रियेतच कायदेशीर दोष असावा लागतो. ‘अटी पूर्ण केल्या’ हे कारण तिथे चालत नाही.

कॅलिफोर्नियाने या दुखण्यावर कायद्यानेच इलाज केला. तिथे अमली पदार्थांच्या किरकोळ प्रकरणांत आधी दोष कबूल करून निवाडा पुढे ढकलण्याची पद्धत होती. कार्यक्रम पूर्ण करूनही माणसं देशाबाहेर काढली जात होती. १ जानेवारी २०१८ पासून कायदा बदलला : आता ‘नॉट गिल्टी’ प्ली देऊन डायव्हर्जन घेता येतं. तुमच्या राज्यात असा रस्ता आहे का, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न.

मात्र ‘डायव्हर्जन’ हे नाव ऐकून निर्धास्त होऊ नका. टेक्सासमधल्या खटल्याआधीच्या (प्री-ट्रायल) एका कराराला मंडळाने २०१७ साली दोषसिद्धी मानलं, कारण त्या करारात माणसाने तथ्यं मान्य केली होती आणि न्यायाधीशांनी त्याच्यावर देखरेखीच्या अटी घातल्या होत्या. करारात ‘मी खालील गोष्टी केल्या हे मान्य करतो’ अशा आशयाचं वाक्य आहे का, आणि हुकमावर न्यायाधीशांची सही आहे का, हे दोन्ही पाहा.

आता दुसरा प्रश्न : कोणता गुन्हा? सगळ्या दोषसिद्ध्या सारख्या नसतात. चोरी साधारणपणे ‘नैतिक अधःपतनाचा गुन्हा’ या गटात जाते, आणि अशा गुन्ह्यावरून अमेरिकेत प्रवेश नाकारता येतो किंवा देशाबाहेर काढता येतं. आपल्या मुलाचं बघा. गुन्हा एकच, कायद्यातली कमाल कैद १२० दिवस, प्रत्यक्ष कैद शून्य. प्रवेश नाकारण्याच्या नियमाला एक अपवाद आहे : असा गुन्हा एकच असेल, कमाल शिक्षा एका वर्षाहून जास्त नसेल आणि सुनावलेली शिक्षा ६ महिन्यांहून जास्त नसेल, तर तो आडवा येत नाही. देशाबाहेर काढण्याच्या नियमालाही एक वर्ष किंवा अधिक शिक्षेची शक्यता असलेला गुन्हा लागतो. म्हणजे हा मुलगा वाचण्याची शक्यता चांगली आहे, पण अशी दुसरी केस झाली की अपवाद संपला. आणि व्हिसा अधिकाऱ्याचा स्वेच्छाधिकार उरतोच.

अमली पदार्थांना असा दिलासा जवळजवळ नाही. एकदाच, स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगल्याचा अपवाद आहे, तोही देशाबाहेर काढण्याच्या नियमापुरता. कोलोरॅडोत २०१४ पासून गांजा दुकानात उघड विकला जातो, म्हणून तो इमिग्रेशनला चालतो असं समजू नका. तिथे संघराज्याचा कायदा बघतात. घरगुती हिंसाचाराची दोषसिद्धी आणि ‘प्रोटेक्शन ऑर्डर’चा (त्या व्यक्तीपासून दूर राहण्याच्या कोर्टाच्या हुकमाचा) भंग ही देशाबाहेर काढण्याची स्वतंत्र कारणं आहेत. नवरा-बायकोच्या भांडणात शेजाऱ्याने ९११ फिरवला आणि अटक झाली, की ‘लवकर मिटवून टाकू’ म्हणून कबुलीवर सही करण्याचा मोह प्रचंड असतो. तो आवरा.

सस्पेंडेड सेंटेन्सबद्दल एक आकडा कोरून ठेवा : ३६५ दिवस. इमिग्रेशन कायदा स्थगित शिक्षाही पूर्ण शिक्षा म्हणून मोजतो. चोरीसाठी ३६५ दिवसांची शिक्षा सुनावून ती सगळी स्थगित केली, एक रात्रही तुरुंगात काढली नाही, तरी ती इमिग्रेशन कायद्यातली ‘अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी’, म्हणजे सर्वांत गंभीर गटातला गुन्हा, ठरते आणि बचावाचे बहुतेक दरवाजे बंद होतात. ३६४ दिवस असते तर ठरली नसती. हा एक दिवस मागणं हे वकिलाचं काम आहे, आणि त्याला आठवण करणं तुमचं.

वकिलाने हे सांगायलाच हवं का? हो. होजे पॅडिया हे व्हिएतनाम युद्धात अमेरिकेकडून लढलेले आणि ४० वर्षांहून जास्त काळ ग्रीन कार्डावर राहिलेले गृहस्थ. गांजा वाहतुकीच्या प्रकरणात त्यांच्या वकिलाने ‘इतकी वर्षं इथे आहात, काळजी नको’ असा सल्ला दिला आणि त्यांनी दोष कबूल केला. २०१० साली ‘पॅडिया विरुद्ध केंटकी’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका असेल, तर तो सांगणं हे फौजदारी वकिलाचं घटनात्मक कर्तव्य आहे. तेव्हा तुमचा वकील सरकारने नेमून दिलेला (पब्लिक डिफेंडर) असो की खासगी, पहिल्या भेटीतच सांगा : ‘मी अमुक व्हिसावर आहे, या प्लीचा इमिग्रेशनवर काय परिणाम होईल ते मला लेखी हवं आहे.’ अनेक पब्लिक डिफेंडर कार्यालयांत या विषयाचे जाणकार असतात. नसतील तर इमिग्रेशन वकिलाच्या एका तासाचे पैसे खर्च करा. संपूर्ण प्रकरणात याहून चांगला खर्च दुसरा नाही.

प्रोबेशनचा हुकूम ओळ न ओळ वाचा

कोर्टात पाच मिनिटांत सगळं उरकतं आणि हातात छापील कागद येतो. बऱ्याच चौकटी, काहींवर खुणा. तो घरी नेऊन शांतपणे वाचा. चार गोष्टी आधी शोधा : मुदत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, देखरेख आहे की नाही, पैसे किती आणि कधी, आणि राज्याबाहेर जायला परवानगी लागते का.

देखरेखीशिवायच्या प्रोबेशनमध्ये कुणाला भेटायचं नसतं; फक्त नवा गुन्हा करायचा नाही आणि ठरलेल्या गोष्टी तारखेच्या आत पूर्ण करायच्या. देखरेखीत ऑफिसरला नियमित भेटणं, पत्ता-नोकरी बदलली की कळवणं, लघवीची तपासणी, कधी घराची झडतीही. भरपाई, दंड, कोर्टाचा खर्च आणि दरमहा देखरेख फी हे चार वेगळे हिशेब असतात. एक भरला म्हणजे बाकीचे भरले असं होत नाही.

‘नो काँटॅक्ट’ अट सर्वांत जास्त मोडली जाते, विशेषतः घरगुती प्रकरणात. बायकोने स्वतःहून फोन केला आणि तुम्ही उचलला, तरी भंग तुमचा. नातेवाइकामार्फत निरोप पाठवणं हाही संपर्कच. ही अट फक्त न्यायाधीश बदलू शकतात. दोघांचं जमलं असेल तर दोघांनी मिळून कोर्टाकडे अर्ज करावा, तोवर थांबावं.

प्रवासाचं काय? भारतात आई-वडील आजारी पडले, तिकीट काढलं आणि निघालो, असं करता येत नाही. आधी प्रोबेशन ऑफिसरची, काही वेळा न्यायाधीशांची लेखी परवानगी. नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात कायमचं जायचं असेल तर राज्यांमधल्या ‘इंटरस्टेट कॉम्पॅक्ट’ नावाच्या व्यवस्थेतून देखरेख हलवावी लागू शकते आणि त्याला वेळ लागतो. ऑफर लेटर आल्या दिवशीच विचारा. आणि कोर्टाची परवानगी म्हणजे परतीची हमी नव्हे. ग्रीन कार्डधारकालाही विशिष्ट गुन्ह्यांनंतर विमानतळावर नव्याने प्रवेश मागणारा माणूस म्हणून वागवता येतं. इथे राहताना धोका नसलेला माणूस दोन आठवडे पुण्याला जाऊन आल्यामुळे अडचणीत येऊ शकतो. तिकिटाआधी इमिग्रेशन वकील.

रोजच्या जगण्यात शिस्त एकच, कागद. समाजसेवेच्या तासांचं पत्र सही-शिक्क्यासह, वर्गाचं प्रमाणपत्र, पैसे भरल्याच्या पावत्या, ऑफिसरला पाठवलेले ईमेल, सगळं एका फाइलमध्ये. ऑफिसर बदलतात. नव्या ऑफिसरला जुन्याने तोंडी काय सांगितलं होतं ते माहीत नसतं.

अट मोडली किंवा मोडल्याचा आरोप झाला तर

तारीख चुकली, तपासणीत काही सापडलं, पैसे थकले, की सरकारी वकील निवाडा नोंदवण्याचा अर्ज करू शकतो. घाबरून गप्प बसणं हा सर्वांत वाईट पर्याय. वॉरंट निघू शकतं आणि ते वाहतूक पोलिसाने गाडी थांबवली तेव्हा कळतं. चूक लक्षात आली त्याच दिवशी वकिलाला सांगा. छोट्या तांत्रिक भंगात मुदत वाढवून किंवा जादा तास देऊन बऱ्याचदा निभावतं. नवा गुन्हा हा मात्र वेगळा विषय.

सुनावणीचा हक्क तुम्हाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच सांगितलं आहे. पण तिथे ज्युरी नसते आणि पुराव्याची पातळी खटल्यापेक्षा सैल असते. भंग सिद्ध झाला की न्यायाधीश मूळ गुन्ह्याला लागू असलेली कोणतीही शिक्षा देऊ शकतात. टेक्सासात म्हणूनच १० वर्षांचं डिफर्ड आठव्या वर्षी मोडलं तरी पूर्ण शिक्षेची टांगती तलवार असते.

पैशांमुळे भंग झाला असेल तर एक खटला वकिलाला आठवून द्या : ‘बेर्डन विरुद्ध जॉर्जिया’, १९८३. डॅनी बेर्डन याला फर्स्ट ऑफेंडर कायद्याखाली, दोषी न ठरवता, प्रोबेशनवर सोडलं होतं. ५०० डॉलर दंड आणि २५० डॉलर भरपाई. पहिले २०० डॉलर त्याने आई-वडिलांकडून उसने घेऊन भरले, मग त्याची नोकरी गेली आणि उरलेले ५५० थकले. कोर्टाने प्रोबेशन रद्द करून त्याला तुरुंगात धाडलं. सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला : माणसाने प्रामाणिक प्रयत्न करूनही पैसे भरता आले नाहीत, तर केवळ तेवढ्यासाठी, दुसरे पर्याय न तपासता, त्याला कैदेत टाकता येत नाही. म्हणून नोकरी गेली तर लगेच लेखी कळवा, अर्ज कुठे कुठे केले त्याची यादी ठेवा आणि जमेल तेवढे, अगदी वीस डॉलर का होईना, भरत राहा.

मुदत संपली : आता तुमचं काम सुरू

शेवटची तारीख उलटली म्हणजे आपोआप सगळं मिटलं असं धरू नका. आठवडाभरात क्लार्ककडे जाऊन डिसमिसलचा हुकूम निघाला का ते पाहा. कोलोरॅडोत अटी पूर्ण झाल्यावर प्ली मागे घेतली जाते आणि आरोप ‘विथ प्रेज्युडिस’ डिसमिस होतो, म्हणजे तोच आरोप पुन्हा आणता येत नाही.

डिसमिस झालेली केस लोकांना दिसतच राहते, जोवर ती सील किंवा एक्सपंज होत नाही. कोलोरॅडोत पूर्ण झालेल्या डिफर्ड जजमेंटसाठी सील करण्याची सोपी पद्धत आहे, काही प्रकारचे गुन्हे वगळून. आयोवात नीट पार पडलेल्या डिफर्ड जजमेंटची कोर्टातली नोंद एक्सपंज होते. टेक्सासात बहुधा ‘ऑर्डर ऑफ नॉनडिस्क्लोजर’ (नोंद उघड न करण्याचा हुकूम) मागावी लागते, त्यानेही सरकारी यंत्रणांपासून नोंद लपत नाही.

सील करण्याच्या आधी हे करा : आरोपपत्र, प्लीचा कागद, प्रोबेशनचा हुकूम आणि डिसमिसल यांच्या प्रमाणित प्रती, निदान तीन संच, काढून घ्या. एक संच भारतातल्या घरी ठेवा. नंतर इमिग्रेशन खातं हेच कागद मागतं आणि सील झालेल्या फाइलमधून ते मिळवायला पुन्हा कोर्टात अर्ज करावा लागतो. काय घडलं याचा पुरावा द्यायची जबाबदारी तेव्हा तुमच्यावर असते.

फॉर्मवर काय लिहायचं

खासगी नोकरीच्या अर्जात प्रश्न नेमका काय आहे ते वाचा. ‘दोषसिद्धी झाली का?’ आणि ‘कधी दोष कबूल केला का, किंवा निवाडा पुढे ढकलला गेला का?’ हे वेगळे प्रश्न आहेत. डिफर्ड जजमेंट पूर्ण होऊन केस डिसमिस झाली असेल तर पहिल्याचं उत्तर बऱ्याच राज्यांत ‘नाही’ देता येतं, दुसऱ्याचं येत नाही. मुदत चालू असताना पहिल्याचंही उत्तर वकिलाला विचारूनच द्या. परिचारिका, डॉक्टर, शिक्षक यांच्या परवाना मंडळांचे प्रश्न जास्त खोलवर जातात.

बॅकग्राउंड चेकमध्ये चुकीचं काही आलं तर हक्क वापरा. एफसीआरए (फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट) या अशा अहवालांबाबतच्या कायद्यानुसार नोकरी नाकारण्याआधी मालकाने तुम्हाला त्या अहवालाची प्रत दिली पाहिजे, आणि तुम्ही हरकत घेतली की कंपनीला साधारण ३० दिवसांत ती तपासावी लागते. दोषसिद्धी न झालेली जुनी अटक ७ वर्षांनंतर अहवालात यायला नको. वर्षाला ७५,००० डॉलर किंवा अधिक पगाराच्या नोकरीला मात्र ही मर्यादा लागत नाही. आपल्या आयटीवाल्यांपैकी पुष्कळजण त्या रेषेच्या वर आहेत, हे ध्यानात असू द्या.

इमिग्रेशनचे फॉर्म वेगळ्या जातीचे. व्हिसाचा डीएस-१६०, ग्रीन कार्डाचा आय-४८५, नागरिकत्वाचा एन-४०० हे तिन्ही अटकेबद्दलच विचारतात, निकाल काहीही लागलेला असो. प्रोबेशन चालू असेपर्यंत नागरिकत्वाचा अर्ज मंजूरही होत नाही. सील झालेली केस इथे सांगावीच लागते. ठसे घेतले की ती दिसतेच, आणि मूळ गुन्ह्यापेक्षा लपवल्याचा ठपका जास्त नडतो : खोटी माहिती देणं हे स्वतःच कायमचं अपात्र ठरण्याचं कारण आहे.

दारू पिऊन गाडी चालवल्याची अटक असेल तर आणखी एक गोष्ट. २०१५ पासून परराष्ट्र खातं अशा अटकेनंतर, दोषसिद्धी नसतानाही, पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं. त्याने अमेरिकेतला मुक्काम लगेच बेकायदा होत नाही, पण देशाबाहेर पडलात की नवा व्हिसा काढावा लागतो आणि त्याआधी नेमून दिलेल्या डॉक्टरकडे तपासणी. विद्यार्थ्यांनी तर २०२५ चा एप्रिल आठवावा. पोलिसांच्या राष्ट्रीय डेटाबेसमध्ये नाव सापडलं एवढ्यावरून हजारो विद्यार्थ्यांच्या सेविस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदप्रणाली) नोंदी बंद केल्या गेल्या. त्यांत डिसमिस झालेल्या केसही होत्या. कोर्टात धाव घेतल्यावर त्या नोंदी पुन्हा सुरू झाल्या. त्या आठवड्यांत ज्यांच्या हाती प्रमाणित डिसमिसल तयार होतं, त्यांना वकिलाला आणि विद्यापीठाच्या कार्यालयाला आपली बाजू त्याच दिवशी दाखवता येत होती.

आता त्या मुंबईतल्या मुलाचं उत्तर. डीएस-१६० वर ‘होय’, कारण इमिग्रेशनच्या व्याख्येने ही दोषसिद्धीच आहे. खालच्या चौकटीत तारीख, कोर्ट, आरोप, दर्जा, डिफर्ड जजमेंट आणि डिसमिसलची तारीख, अशी चार साधी वाक्यं. कारणमीमांसा नाही, दुकानाला दोष नाही. मुलाखतीला प्रमाणित कागदांचा एक संच आणि त्या राज्याच्या कायद्यात या गुन्ह्याची कमाल शिक्षा १२० दिवस आहे हे दाखवणारं वकिलाचं एक पानी पत्र. अधिकारी विचारेल तेवढंच सांगायचं, पण सांगायचं ते खरं. प्रक्रियेला आठवडे लागू शकतात, म्हणून परतीचं तिकीट बदलता येण्याजोगं काढावं आणि मालकाला लांबणाऱ्या रजेची कल्पना आधीच देऊन ठेवावी.